परशरामचं नाव

नागुबाईचा नवरा परशराम वारला, तेव्हा रक्षाविसर्जनाला श्रद्धांजली वाहायला मोनाप्पा सर उभे राहिले. बेळगावजवळच्या त्या गावात साहित्य मंडळाचे अध्यक्ष म्हणून त्यांचा मोठा तोरा. निम्मा वेळ ते स्वतःच्या पुस्तकांवर बोलले आणि शेवटी गहिवरून म्हणाले, "आपले लाडके यल्लाप्पा आज आपल्यात नाहीत."

नाव चुकलं, पण सरांना कुणी टोकलं नाही. नागुबाईच्या ओठांवर आलं होतं, पण चारचौघांत नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती. तिने दात आवळले.

अंगणवाडीत पोरांना गोष्टी सांगणारी ही बाई त्यानंतर कथा लिहायला बसली. मंडळाच्या कथास्पर्धेत पहिल्या येणाऱ्याला स्टेजवर चार शब्द बोलू देतात, एवढंच तिला हवं होतं. दोन वर्षं नंबर हुकला. "सोड की गं आक्का," म्हणणाऱ्या भावावर ती खेकसली, "मेल्यावर सोडीन!"

तिसऱ्या वर्षी पहिला नंबर आला. मोनाप्पा सरांनी तिला शाल घातली, माईक दिला.

"बक्षीस दिल्याबद्दल लुमाण्णा सरांचे लई आभार," ती म्हणाली.

मांडवात खसखस पिकली. सर लालबुंद झाले. "अहो बाई, माझं नाव मोनाप्पा!"

"व्हय? तुमी जित्ते हाईसा, म्हणून सांगता आलं." नागुबाईने माईक तोंडाशी धरला. "माझ्या मालकांना आलं न्हाय. त्यांचं नाव परशराम!"