भिंतीवरचं हिरवं
मिरची जळल्याचा ठसका लागला की मी आजही आधी एखादी पांढरी भिंत शोधते. पंचावन्न सालच्या आसपासचा, आमच्या अनसिंग गावचा उन्हाळा होता. घरात नवी आलेली वहिनी सकाळपासून अंगणात वाळलेल्या लाल मिरच्यांचे देठ मोडत बसली होती. दम घ्यायला तिनं मान वर केली, चुन्याच्या भिंतीकडे पाहिलं आणि घाबरून सासूला, म्हणजे माझ्या आईला, हाक मारली, "आत्याबाई, भिंतीवर हिरवं हिरवं दिसून राह्यलं! माहे डोळे गेले काय?" आईच्या तोंडचं पाणी पळालं. "नजर लागली पोरीले," म्हणत तिनं त्याच ढिगातल्या मूठभर मिरच्या वहिनीवरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. तोवर मी ढिगाकडे टक लावून बघितलं आणि मग भिंतीकडे पाहिलं, तर मलाही हिरवं दिसलं! ते ऐकून आईही ढिगाशी बसली. बराच वेळ मिरच्यांकडे बघून तिनं भिंतीकडे नजर वळवली आणि हळूच म्हणाली, "सूनबाई, आता माहीबी नजर काढ." पुढे कितीतरी वर्षांनी डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला सांगितलं, लाल पाहून पाहून डोळा थकला की पांढऱ्यावर त्याला हिरवं दिसतं. म्हणजे वहिनी थकली आहे, हे त्या दिवशी भिंत सांगत होती, आणि आम्ही नुसता रंग बघत बसलो.