एका ओळीतली दोन नावं

पनवेलला एसटी स्टँडजवळच्या डीटीपीच्या दुकानात मी नव्वदच्या दशकात काही वर्षं नोकरी केली, आणि त्यातला निम्मा वेळ पडद्यावरचं आणि कागदावरचं जुळवण्यात गेला. मालकांनी पडद्यावर दिसणारे फाँट एकाकडून आणले होते आणि प्रिंटरचे दुसऱ्याकडून. फाँटचं नाव एकच, पण अक्षरांची रुंदी निराळी. पडद्यावर ओळ नीट बसायची आणि कागदावर तिचं शेपूट खाली घसरायचं. मालक मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगायचे, "दिसतंय तस्संच येणार." सांगून चहाला जायचे. निस्तरायचं मी.

एका लग्नसराईत तळोज्याजवळच्या ओवे गावचे एक काका धाकट्या मुलीची पत्रिका करायला आले. त्यांच्याकडे पत्रिकेत निमंत्रक म्हणून अर्धं गाव असायचं. कोणाचं नाव कुठे पडलं यावरून माणसं हळदीला यायची थांबायची. काकांचा सख्खा धाकटा भाऊ तसाच थांबला होता. थोरल्या मुलीच्या पत्रिकेत त्याचं नाव पोरांच्या ओळीत गेलं, तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

"या टायमाला त्याचं न् माझं नाव एकाच लायनीत पायजे," काका म्हणाले. "त्यानं निरोप धाडलाय. आधी डोल्यांनी बघणार, मग हलदीला येणार. नायतर नाय."

पडद्यावर दोन्ही नावं शेजारी शेजारी बसली. काका खूश झाले. प्रिंट काढली तर धाकट्याचं नाव थोरल्याच्या खाली, एकटंच. काकांनी तो कागद चुरगळून माझ्या टेबलाखालच्या टोपलीत टाकला.

मग सुरू झालं. अक्षर लहान केलं, तर एवढं बारीक कोणाला दिसणार, म्हणून काकांना पसंत नाही. अक्षरांमधलं अंतर कमी केलं, तर आडनाव तेवढं खाली राहिलं. प्रत्येक प्रिंटला मशीन आपल्या सवडीने कुरकुरत बसायचं. तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा आला की वासामुळे खिडकी लावायची, आणि लावली की घामाच्या धारा. माझी मान भरून आली होती, डोळे चुरचुरत होते. काका सकाळपासून बाकावर बसलेले, जेवायलाही उठले नाहीत. मला त्यांचा राग येत होता आणि कीवही. अखेर कागदावर नावं एका ओळीत आली, पण त्यासाठी पडद्यावर मला दोघांची अक्षरं एकमेकांवर चढवावी लागली.

तळोज्याची पहिली पाळी सुटल्यावर भाऊ आला. हातात डबा, भावाकडे न बघता सरळ माझ्या टेबलाशी. पडद्यावरची गिचमिड बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. मी घाईने छापलेला कागद पुढे केला. त्याने नावांवरून बोट फिरवलं, मग त्याची नजर टेबलावरच्या फसलेल्या प्रिंटांच्या गठ्ठ्याकडे गेली.

"एवढे कागद कशाचे?"

"तुमचं नाव वर आणायचे," मी म्हटलं. आवाजातला वैताग लपवायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. "हे सकाळपासून इथंच बसलेत. उपाशी."

तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. दोघं भाऊ समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

"माझं खाली घ्या," धाकटा मला म्हणाला. "तो मोठा हाय."

काका वळून भावाकडे बघायला लागले. पुन्हा ते मशीन चालवायची ताकद माझ्यात नव्हती. मी वाकून टोपलीत हात घातला, काकांनी चुरगळलेला, तळाशी गेलेला पहिला कागद शोधला, टेबलावर हाताने सपाट केला आणि धाकट्याला दिला.

त्याने तो वाचला. मग सरकून भावाच्या मांडीवर ठेवला.

"हे बघ," तो म्हणाला, "असं पायजे."