मुलगी कोणत्या शाळेची

खमीस मुशैतच्या शाळेनं लेकीचा दाखला हातात दिला, तो मी खिडकीपाशी उभ्या उभ्याच दोनदा वाचला. नववी उत्तीर्ण. वर्तणूक चांगली. शेरा: काही नाही. त्या शेवटच्या ओळीनं मला हायसं वाटलं. शेऱ्याची जागा कोरी राहावी म्हणून मी दोन वर्षं खटपट केली होती.

आमच्या घरी दाखले बरेच आहेत. नवरा पाण्याच्या प्रकल्पांची कामं घेणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. प्रकल्प संपला की कंपनी सौदीतल्याच पुढच्या गावाला पाठवते. जुबैल, यान्बू, खमीस आणि आता अल खर्ज. लेकीची दहावीपर्यंत ही चौथी शाळा. सामान मी दोन दिवसांत बांधते. कपबश्या टॉवेलमध्ये, कागद माझ्या हातातल्या बॅगेत.

लेकीला वाचायला त्रास होतो. डोळे चांगले आहेत, डोकंही चांगलं आहे. ऐकलेलं ती विसरत नाही. विमानतळावर गेट बदलल्याची घोषणा आमच्याआधी तिला कळते. पण छापील पान समोर आलं की ओळी एकमेकींत शिरतात, असं ती सांगते. सात वर्षांची असताना नाशिकला तिची तपासणी करून घेतली. डॉक्टरांनी तीन पानी अहवाल दिला. वाचन-लेखनाची अक्षमता आहे, परीक्षेत जादा वेळ द्यावा, प्रश्न वाचून दाखवावेत.

जुबैलच्या शाळेनं तिला बालवर्गापासून पाहिलेलं होतं, त्यामुळे तिथं अहवालावरून काही अडलं नाही. यान्बूला गेलो तेव्हा मी तो सरळ नव्या शाळेच्या टेबलावर ठेवला. मुख्याध्यापिकेनं तिन्ही पानं नीट वाचली आणि सांगितलं की यंदा जागा नाहीत. त्याच आठवड्यात आमच्या शेजारच्या इमारतीतल्या दोन मुलांना तिथंच प्रवेश मिळाला.

त्या इमारतीत पुण्याच्या एक बाई राहायच्या. नवऱ्यासोबत आखातात पंधरा वर्षं काढलेल्या. त्यांनी मला वेड्यात काढलं.

"अहो, रिपोर्ट दाखवतं का कुणी? आधी आत घुसायचं. मग हळूहळू कळतंच त्यांना."

"आणि कळल्यावर?"

"कळल्यावर काय, काढून टाकतायत का? फक्त कागदावर येऊ द्यायचं नाही. तुमची बदली होणार, पुढची शाळा कागदच बघणार."

पुढच्या सत्रात यान्बूतल्याच दुसऱ्या शाळेत अहवालाशिवाय अर्ज केला आणि जागा झाली. मग तो अहवाल बॅगेच्या तळाशी गेला. बदलीच्या नोकरीतली आमच्याकडची बरीच कुटुंबं असंच करतात. कुणाच्या मुलाचं ऐकू कमी येणं, कुणाच्या मुलीचं अडखळणं, सगळं तोंडी चालतं. शाळांनाही ते सोयीचंच असतं.

खमीसला केरळच्या एक बाई लेकीला इंग्रजी शिकवायच्या. त्यांना दुसऱ्याच आठवड्यात समजलं. मला बोलावून म्हणाल्या, "मॅडम, बच्ची आलसी नहीं है. इसको पढ़ने में तकलीफ है. आपको मालूम है ना?"

मी म्हटलं, मालूम है. आणि लगेच पुढे म्हटलं, लिखा-पढ़ी मत कीजिए.

त्यांनी केली नाही. पण दोन वर्षं त्या लेकीला मधल्या सुट्टीनंतर वाचनालयात घेऊन बसल्या. शाळेच्या परीक्षेत तिला वेगळ्या खोलीत बसवायच्या आणि प्रश्न वाचून दाखवायच्या. लेकीचे गुण चाळिसांवरून सत्तरांवर गेले. घरी ती पहिल्यांदा शाळेतलं काही आपणहून सांगू लागली.

या शाळा भारतातल्या बोर्डाच्या, नववीत त्या बोर्डाकडे नोंदणी होते. फॉर्म घरी आला, त्यात एक रकाना होता: विद्यार्थ्याला विशेष गरज आहे का? त्यासमोर पेन्सिलीनं एक बारीक खूण केलेली होती. बाईंनीच केली होती, हे मला सांगावं लागलं नाही. नवऱ्याच्या ऑफिसात तेव्हा अल खर्जचं बोलणं सुरू झालं होतं. मी लेकीचं खोडरबर घेतलं, खूण खोडली आणि शाईनं 'नाही' लिहिलं. सही केली. दुसऱ्या दिवशी बाईंनी फॉर्म घेताना तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि गठ्ठ्यात ठेवला.

अल खर्जला आलो ते एप्रिलमध्ये. इथं आजूबाजूला गाईंचे प्रचंड गोठे आहेत, संध्याकाळी वारा फिरला की कळतं. शाळा लहान, मुलींचा विभाग त्याहून लहान. लेकीला प्रवेश एका दिवसात मिळाला, दाखला चांगला होता ना. मे महिन्यात पहिली चाचणी झाली. तिनं तीन तासांच्या पेपरात दीड पान लिहिलं.

मुलींच्या विभागाच्या सुपरवायझर हैदराबादच्या होत्या. त्यांनी उत्तरपत्रिका माझ्यासमोर सरकवली. मी बॅगेतून अहवाल काढून त्यांच्यासमोर सरकवला. त्यांनी तारीख पाहिली.

"ये आठ साल पुराना है मॅडम. पहले बोलना था ना आपको."

"अब बोल रही हूँ."

"अब बोल रहे हैं आप. दसवीं में."

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी समजावून सांगितलं. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि वाचून दाखवणारी व्यक्ती मिळते, पण त्यासाठी शाळेनं अर्ज करावा लागतो. अर्जाला भारतातल्या सरकारी रुग्णालयाचं नवं प्रमाणपत्र लागतं. आधीच्या शाळेनं काय मदत केली, त्याचा पुरावा लागतो. आणि मुळात नोंदणीत 'नाही' लिहिलेलं असताना अर्ज पुढे जातच नाही. नोंदणी ज्या शाळेनं केली, तिनंच आधी ती दुरुस्त करायला हवी.

म्हणजे खमीसनं.

खमीसच्या ऑफिसात फोन लावला. क्लार्कनं नाव विचारलं, कळफलकाचा आवाज आला. "बच्ची हमारे रोल पर नहीं है. टीसी दे दिया. खलास." मी म्हटलं, नोंदणी तुमची आहे. तो म्हणाला, विद्यार्थिनी त्यांची आहे. ही गोष्ट मी इथल्या सुपरवायझरना सांगितली. त्या म्हणाल्या, विद्यार्थिनी आमची, नोंदणी त्यांची. पुढचा महिनाभर मी हेच दोन्हीकडे ऐकलं. दोघांचं म्हणणं बरोबर होतं, ते जास्त त्रासाचं होतं. चूक असती तर भांडता आलं असतं.

नाशिकहून बहीण म्हणाली, "मग आण ना तिला इकडे. माझ्याकडे राहील, वर्ष काढील." चौकशी केली. दहावीच्या मध्यात कोणतीही शाळा बोर्डाच्या परवानगीशिवाय घेणार नाही, आणि परवानगीसाठी तोच नोंदणीचा कागद. वर्ष थांबवावं म्हटलं, तर पुढच्या वर्षीही कागद तोच. इथं ठेवून चालेना, बाहेर काढता येईना.

नव्या प्रमाणपत्रासाठी जुलैत नाशिकला जायचं ठरवलं. नेमकं नवऱ्याच्या इकाम्याचं, म्हणजे इथं राहण्याच्या परवान्याचं, नूतनीकरण कंपनीकडे अडकलं, आणि त्याशिवाय आमचा बाहेर जाऊन परत येण्याचा व्हिसा निघेना. तीन आठवडे भरलेल्या बॅगा दिवाणखान्यात उभ्या होत्या. बाहेर सेहेचाळीस अंश. लेक बॅगेवर बसून मोबाईलवर विज्ञानाचे धडे ऐकायची.

"मम्मा, हम लोग अरेस्टेड हैं क्या?"

"नाही गं. कागद यायचाय."

"सेम थिंग."

शेवटी सुट्टी संपायच्या दहा दिवस आधी व्हिसा मिळाला. सिव्हिलमध्ये चार खेपा घातल्या आणि प्रमाणपत्र घेऊन परतलो. एक कागद झाला.

सप्टेंबरमध्ये मी एकटी खमीसला गेले. रियाधहून अभा शहरापर्यंत विमान, तिथून टॅक्सी. डोंगरात धुकं होतं आणि रस्त्याच्या कडेला माकडं बसली होती. आम्ही तिथं राहत होतो तेव्हा लेक त्यांना केळी टाकायची. क्लार्कनं माझ्यासमोर रजिस्टर उघडून दाखवलं. लेकीच्या नावावर लाल रेघ होती. तो मुद्दाम दाखवत नव्हता, त्याला खरंच वाटत होतं की हे पाहून माझं समाधान होईल.

मुख्याध्यापकांनी दहा मिनिटं दिली. दुरुस्ती पाठवायला ते तयार होते. अट एकच होती. मी लेखी द्यायचं की पालकांनी माहिती लपवली, शाळेला या अडचणीची कधीच कल्पना नव्हती आणि शाळेनं कोणतीही वेगळी सोय केलेली नव्हती. "देखिए मॅडम, बोर्ड हमसे पूछेगा कि मालूम था तो लिखा क्यों नहीं."

पहिला भाग खरा होता. तो मी लगेच लिहून दिला असता. पण इथल्या शाळेला तर आधीच्या मदतीचा पुरावा हवा होता. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, मदत झालीच नाही, तर पुरावा कुठून देऊ? शिक्षकांना विचारलंय मी.

केरळच्या बाई मला फाटकाशी भेटल्या. वाट बघत थांबल्या असाव्यात. आधी लेकीची चौकशी केली, जेवते का, उंच झाली का. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "मुझसे पूछा था. मैंने बोल दिया, मालूम नहीं था. मेरा इकामा स्कूल पे है मॅडम. परीक्षा में क्वेश्चन पढ़ के सुनाया, बिना परमिशन. निकाल देंगे."

मी म्हटलं, तुम्ही काही चूक केली नाही. त्या म्हणाल्या, "आप लिख दीजिए. जैसा वो बोलते हैं."

मी पत्राचा नमुना घेऊन परत आले. त्यावर आई, वडील आणि विद्यार्थिनी अशा तिघांच्या सह्या हव्या होत्या. नवऱ्यानं वाचून सही केली. तो म्हणाला, "दुसरा रस्ता आहे का? नाही ना? मग दे पाठवून." लेकीनं कागद हातात घेतला, पहिली ओळ पाहिली आणि माझ्याकडे दिला.

"पढ़ के सुना."

मी वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"ये झूठ है. टीचर ने दो साल हेल्प किया. तूने भी देखा."

"मी पाहिलं. पण तसं लिहिलं तर त्यांची नोकरी जाईल."

"और तूने फॉर्म पे नो क्यों लिखा था?"

मी तिला बदलीचं सांगितलं, यान्बूचं सांगितलं, जागा नाहीत म्हणणाऱ्या मुख्याध्यापिकेचं सांगितलं. तिला हे सगळं आधी कुणी सांगितलेलं नव्हतं. तिला आपला अहवाल आहे एवढंच माहीत होतं, तो लपवून ठेवलाय हे नाही.

"मतलब सबको पता था," ती म्हणाली. "बस लिखना नहीं था."

"हो."

"मेरे से पूछ लेती एक बार."

तिनं कागद दोन दिवस आपल्या खोलीत ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो डायनिंग टेबलावर होता, खाली तिची सही. पूर्ण नाव लिहिलं होतं, आडनावातलं एक अक्षर वर चढलेलं. बाईंना फोन केलास का, असं मी विचारलं नाही. केला असेल.

खमीसनं दुरुस्ती पाठवली. केरळच्या बाईंचं सगळं मी इथल्या सुपरवायझरना तोंडी सांगितलं होतं. त्यांनी अर्ज भरला. मदतीच्या पुराव्याच्या जागी काय लिहायचं म्हणून त्या बराच वेळ पेन धरून बसल्या आणि शेवटी रेघ मारली. म्हणाल्या, "झूठ मैं भी नहीं लिखूँगी, सच आप लिखने नहीं देते."

जानेवारीत बोर्डाचं पत्र आलं. प्रत्येक पेपरला एक तास जादा मंजूर. प्रश्न वाचून दाखवणाऱ्या व्यक्तीची विनंती नामंजूर, आधीच्या शिक्षणात अशी मदत दिल्याची नोंद नाही. सुपरवायझरनी पुन्हा लिहून पाहिलं. तेच उत्तर आलं.

परीक्षेला पाच आठवडे उरले होते. त्या शुक्रवारी जेवणानंतर मी टेबल पुसलं, सरावाची प्रश्नपत्रिका काढली, घड्याळ लावलं आणि सवयीनं पहिला प्रश्न मोठ्यानं वाचायला लागले. लेकीनं पत्रिकेवर हात ठेवला.

"तू मत पढ़. वहाँ कौन पढ़ेगा?"

तिनं पट्टी घेतली, पहिल्या ओळीखाली धरली आणि वाचायला लागली, ओठ हलवत. मी समोरच्या खुर्चीवर बसले. एका शब्दावर ती थांबली, मागे गेली, पुन्हा त्याच शब्दावर आली. तो शब्द मला दिसत होता. पहिला प्रश्न वाचून व्हायला तिला सहा मिनिटं लागली. तेवढा वेळ मी तोंड बंद ठेवलं.