दुसऱ्या पत्त्यावरचा रिपोर्ट
परवा जवसाच्या चटणीचा वास आला आणि पुण्यात कर्वेनगरातलं माझं पहिलं ऑफिस आठवलं. मी नागपूरहून नुकतीच आले होते. आम्ही दवाखान्यांसाठी वेबसाइट बनवायचो. एकाच साइटवर प्रत्येक दवाखान्याला त्याच्या नावाचा वेगळा पत्ता, म्हणजे सबडोमेन असायचा. एकाचे पेशंट दुसऱ्याला दिसत नाहीत ना, हे आपोआप तपासणारी टेस्ट, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, मी लिहिली होती आणि ती रोज पास व्हायची. एका दुपारी कसबा पेठेतल्या डॉक्टरबाईंचा फोन आला, “अहो, माझ्याकडे दुसऱ्याच दवाखान्यातल्या बाईंचा रिपोर्ट उघडलाय. मी वाचला नाही, पण आधी बंद करा.” मी लगेच माझी टेस्ट उघडून पाहिली. माझी टेस्ट एका पत्त्यावर लॉगिन करून तिथंच तपासत होती. त्याच लॉगिननं दुसरा पत्ता तिनं कधी उघडलाच नव्हता. जेवणाचा डबा तसाच ठेवून मी आमच्या मॅडमकडे गेले. “चूक माझी आहे. मी राजीनामा देते.” “राजीनामा लिहायला वेळ आहे वाटतं? मग टेस्टच लिही,” त्या म्हणाल्या. साइट बंद करवून त्यांनी स्वतः डॉक्टरबाईंची माफी मागितली, माझं नाव न घेता. माझी नवी टेस्ट फेल झाली, म्हणजे तिनं चूक पकडली, तेव्हा त्यांनी पाठीवर हात ठेवला. “शाबास. आता टेस्ट खरं बोलतेय.” संध्याकाळी दुरुस्ती झाल्यावर ती पास झाली. मग त्यांनीच माझा डबा उघडला, पोळीवर आईनं पाठवलेली जवसाची चटणी घालून माझ्या हातात दिली, आणि मला रडू फुटलं. आता माझ्या हाताखाली सहाजण आहेत. कुणी चूक सांगायला आलं, की मी आधी त्याला बसायला सांगते.