एकोणसत्तर आणि एकोणऐंशी

माझे वडील पूर्व आफ्रिकेत रेल्वेच्या गुदामात कारकून होते. माझं शिक्षण तिथंच झालं. शाळा रेल्वेच्या वस्तीत, पत्र्याची. पाऊस आला की काही ऐकू येत नसे आणि मास्तर पुस्तक मिटून खिडकीशी उभे राहत. वर्गात गुजराती, पंजाबी, गोव्याकडची मुलं. मराठी मी एकटी. सगळं इंग्रजीत. घरची भाषा तोंडातून निघाली तर बाकावर उभं राहावं लागे. मी कधी उभी राहिले नाही, कारण मी बोलतच नसे.

आफ्रिकन मुलांची शाळा वेगळी, उताराच्या खाली, मिशनची. आमच्या शाळेत त्यांना घेत नसत आणि त्याचं आम्हाला काही वाटत नसे. एकदा आम्हाला तिथं नेलं होतं. एका खोलीत तीन वर्ग, चौघांत एक पुस्तक. पुस्तक मध्ये ठेवून मुलं चारी बाजूंनी बसत, त्यामुळे एकाला अक्षरं उलटी दिसत. एक मुलगी तशीच उलटी वाचत होती, भराभर. तिथं शिकवणाऱ्या मडमेनं पुस्तक सरळ करून तिच्या हातात दिलं, तर ती अडखळली. हिला वाचता येत नाही, असं मडमेनं आम्हाला सांगितलं. मला ते पटलं नाही. पण मला कुणी विचारलं नव्हतं.

लढाई सुरू झाली तेव्हा वडिलांनी आईला आणि मला बोटीनं परत पाठवलं. कारंज्याला मामांचं घर होतं, तिथं आम्ही राहिलो. मी अठरा वर्षांची होते. आईमुळे मला वऱ्हाडी समजे, पोथीवरून तिनं वाचायलाही शिकवलं होतं. आकडे मात्र मी मनात इंग्रजीतच मोजत असे. पन्नासपर्यंतचे मराठी आकडे आईच्या तोंडून कानावर पडले होते. त्यापुढचे मी जुळवून घेई. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती.

दसऱ्यानंतर मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई घरी आल्या. आईशी त्यांचं बोलणं झालं, मी आतल्या दाराशी उभी होते.

"इंग्रजी शिकलेली पोरगी घरात बसून काय करून राह्यली? चौथीची बाई बाळंतपणाले गेली. हिले पाठवा."

"थे कोनाशी बोलत नाही वं," आई म्हणाली.

"मंग त बरंच. बाई बोलत नाही म्हटल्यावर पोरीबी चूप बसतीन."

मुली चूप बसल्या नाहीत, पण त्रासही दिला नाही. चौथीत अठरा जणी होत्या. तरटाच्या पट्ट्यांवर बसत, मांडीवर पाटी. मी आकडा सांगितला की त्या क्षणभर थांबत, एकमेकींकडे बघत आणि मग लिहीत. त्या मंद आहेत असं मी धरून चालले.

परीक्षेला आठ दिवस राहिले असताना एकोणिसावी मुलगी आली. ती एका पिंजाऱ्याची मुलगी. दिवाळीच्या आधी, गाद्या-रजया भरायचा हंगाम सुरू झाला की बाप पिंजण खांद्यावर टाकून गावोगाव निघे आणि हिला बरोबर नेई. या खेपेला ते मालेगावाच्याही पलीकडं गेले होते. तिचं नाव पटावर होतं, मी तिला पाहिलेलं नव्हतं. केसांत कापसाचे तंतू अडकलेले. वर्गात पाय ठेवताच सोनाराची मुलगी म्हणाली, "तुया डोक्यात कापूस उगोला काय वं?"

"हो, वेचाले ये," ती म्हणाली आणि मागच्या पट्टीवर एकटीच बसली.

बाप दारात उभा होता. माझ्याकडं न बघता, चौकटीकडं बघत त्यानं सांगितलं. "बाई, हे पास झाली त इथंच फुपीजवळ ठेवतो, पाचवीत बसवतो. नापास झाली त मंग माह्यासंग. हाताखाली कोनी पायजे मले. शाळा बंद."

फुपी म्हणजे मुलीची आत्या, ती गावातच राही. मी मान हलवली. त्या आठ दिवसांत गणिताची उजळणी मोठ्या बाईंनीच घेतली, मी वाचन घेतलं. ती मुलगी वाचनात चांगली होती. हिशेब तिला जड जात, पण घोकून घोकून ती मोठ्या बाईंच्या मागं लागली होती. सुटीत मुली तिला आपल्यात घेत नसत. "रुई आली, रुई आली," म्हणून फुंकर मारत.

परीक्षेला शाळा तपासणारे डिप्टीसाहेब आले. उंच, स्वच्छ कोट, बोलणं पुस्तकातलं. गणितं त्यांनी कागदावर लिहून आणली होती. तीन गणितं, त्यातली दोन बरोबर आली की पास. कागद माझ्या हातात देऊन ते मोठ्या बाईंच्या खोलीत चहाला गेले. मी कागदावरचं वाचून सांगितलं, मुलींनी पाट्यांवर लिहून घेतलं. दुसरं गणित असं होतं: एका रांगेत ७९ झाडं, अशा २४ रांगा, तर झाडं किती?

साहेब परत आले आणि पाट्या तपासू लागले. मी त्यांच्या मागं उभी होते. पिंजाऱ्याच्या मुलीचं पहिलं बरोबर होतं, तिसरं चुकलं होतं. दुसऱ्यापाशी ते थांबले.

"सोळाशे छप्पन्न? हे कुठून काढलंस? अठराशे शहाण्णव पाहिजे."

"एकोणसत्तर झाडं ना, साहेब?"

"एकोणऐंशी."

"बाई एकोणसत्तर म्हणल्या."

"आधीच्या सगळ्यांनी एकोणऐंशी ऐकलं आणि तू एकटीनं एकोणसत्तर? खोटं बोलू नये." त्यांनी खडूनं फुली मारली आणि पुढची पाटी घेतली.

मला तेव्हाच कळलं होतं. ७९ दिसलं की माझ्या डोक्यात आधी इंग्रजी सत्तर येई, मग नऊ. त्याचं मी एकोणसत्तर करीत असे. आईच्या हिशेबानं एकोणसत्तर म्हणजे सत्तराला एक कमी. मुलगी मान खाली घालून फुलीकडं बघत होती. साहेबांनी आणखी एक पाटी तपासली. मग आणखी एक. मी बोलले तेव्हा तिच्यानंतरची पाचवी पाटी त्यांच्या हातात होती.

"मी तसं म्हटलं असेन."

"काय?"

"एकोणसत्तर. मी म्हटलं असेन."

त्यांनी कागद माझ्यापुढं धरला. "वाचा बरं."

मी आकड्याकडं बघत राहिले. आता मला बरोबर काय ते माहीत होतं आणि तोंडातून तेच गेलं. "एकोणऐंशी."

"मग? नीट वाचता की तुम्ही. मुलीला पाठीशी घालू नका, बाई."

तेवढ्यात सोनाराची मुलगी उभी राहिली.

"साहेब, बाई आज पैल्यांदा बरोबर म्हणल्या."

वर्गात खसखस पिकली. साहेबांनी हात वर केला. "म्हणजे काय?"

"रोज त्या एकोणसत्तरच म्हणतेत. आमाले मालूम हाये. बाईचं एकोणसत्तर म्हंजे एकोणऐंशी समजाचं. आन एकोणऐंशी म्हणल्या त एकोणनव्वद."

"हे कधीपासून?"

"दिवाईपासून."

"आणि हिला माहीत नव्हतं?"

"हे कुठी व्हती, साहेब? हे त रुई पिंजाले गेल्ती. आमी सांगतलंच नाही हिले."

"बाईंना तरी सांगायचं होतं."

सोनाराची मुलगी जरा घुटमळली. "बाई लय लाजतेत. सांगतलं असतं त शाळा सोडून गेल्या असत्या. आन पैली बाई लय मारे."

या वेळी कुणी हसलं नाही. मोठ्या बाई दारात येऊन उभ्या होत्या. माझ्याकडं त्यांनी एकदाच पाहिलं. साहेबांनी ती पाटी परत मागून घेतली, एकोणसत्तर गुणिले चोवीस स्वतः कोपऱ्यात करून पाहिलं, फुली पुसली आणि बरोबरची खूण केली.

"ऐकलं ते लिहिलं. बरोबर आहे."

"आन बाकीच्या?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"त्यांनी ऐकलं नाही ते लिहिलं," साहेब म्हणाले. "पण बरोबर लिहिलं." मग ते शेऱ्याच्या वहीकडं वळले. तिथं त्यांनी लिहिलं की बदली बाईंना गणित देऊ नये. शेरा योग्य होता.

मधल्या सुटीत मी पाण्याच्या रांजणापाशी गेले. ती मुलगी तिथं पाटी धूत होती. मी तिला पास झाल्याचं सांगितलं. तिला ते माहीत होतं.

"बाई," ती पाटीवरून हात फिरवत म्हणाली, "साहेबानं मले खोटी म्हणलं तवा तुमी काहून चूप राह्यल्या?"

मी शेवटी बोलले होते, पण तिनं ते विचारलं नव्हतं.

"भ्याले," मी म्हटलं.

"कोनाले?"

"साहेबांना."

"साहेबाले त मीबी भेली," ती म्हणाली. "तरी म्हणलं ना."

तिनं पाटी झटकली. पाण्याचे थेंब माझ्या पदरावर आले. मुद्दाम नसावेत. संध्याकाळी बाप विचारायला आला तेव्हा मोठ्या बाईंनीच त्याला सांगितलं. तो बरं म्हणाला आणि पोरीला फुपीच्या दारापर्यंत पोचवून गेला. जूनमध्ये ती पाचवीत बसली. मी पुढच्या दिवाळीपर्यंत चौथीला वाचन आणि शिवण शिकवत राहिले. वाटेत भेट झाली की ती मला नमस्ते करी, थांबत मात्र नसे, आणि मीही तिला कधी थांबवलं नाही.