नाकवाल्यांची सर्दी

नाकवाल्यांना सर्दी झाली, आणि झाली ती नेमकी नव्या वाइनच्या चाखणीच्या दिवशी.

बावीस वर्षं ते त्या वाइनच्या कारखान्यात चाखणीदार होते. हंगामाची द्राक्षं चेचून, आंबवून झाली, की कोवळी लाल वाइन आधी त्यांच्या नाकाखालून जायची. ते मान डोलावतील तीच टाकी बाटलीत. एकेक घोट खळखळवायचा, पिकदाणीत पिचकारी मारायची, की सुरू! "अहाहा! जांभूळ! मागून जरा ओलं लाकूड! आणि हे काय, नवी चप्पल?" जेवणाची सुट्टी संपायची, वर्णन संपायचं नाही.

त्या सकाळी ते बायकोला म्हणाले, "बला काही झालेलं डाही."

"ऐकू येतंय. मालकांना सरळ सांगून टाका."

"आडि खुर्ची जावईबापूंडा देऊ?"

जावईबापू म्हणजे मालकांचे जावई. वाइनचा तीन महिन्यांचा कोर्स करून आल्यापासून साधं पाणी पितानाही ते आधी पेला गोल फिरवायचे.

"मग तोंड बंद ठेवा," बायको म्हणाली. "आणि शर्टावर सांडू नका. मागल्या वर्षीचा तिसऱ्या टाकीचा डाग अजून हटत नाही मेला. निळसर, कडेला गुलाबी. पहिल्या टाकीचा कसा, विटकरी, एका धुण्यात गेला." हे डागपुराण नाकवाले बावीस वर्षं या कानानं ऐकून त्या कानानं सोडत आले होते.

चाखणीच्या खोलीत पांढऱ्याशुभ्र चादरीवर सहा पेले मांडले होते. टाक्या मात्र पाचच. ही मालकांची दरवर्षीची खोडी: एकच वाइन दोन पेल्यांत. ती जुळी ओळखायची.

"यंदा जावईबापूही ओळखणार," मालक म्हणाले. "ज्याचं बरोबर, त्याची खुर्ची."

जावईबापूंनी सहाही पेले गरागरा फिरवले, डोळे मिटले. "एक आणि चार! दोन्हींत एक उदास संध्याकाळ आहे."

मालक नाकवाल्यांकडे वळले.

नाकवाल्यांनी पहिला पेला हुंगला. शून्य. घोट घेतला. जीभ कोरडी पडली, बस. दुसरा, तोच प्रकार. सहाव्यापर्यंत सगळं कोमट पाणी. बोलायची सोय नाही, म्हणून ते नुसतं "छे" म्हणून छताकडे बघत बसले.

"आज किती खोल गेलेत बघा!" मालक कौतुकानं कुजबुजले.

नाकवाल्यांचं नाक हुळहुळलं. आणि मग, आऽऽऽक्छी! गुडघा टेबलाला खालून असा धडकला, की सहाही पेले हिंदकळले आणि ज्यानं त्यानं आपापल्यापुढे एकेक डाग पाडला.

"अहो, चादर!" जावईबापू किंचाळले.

चादर! नाकवाल्यांच्या कानात बायकोचं डागपुराण सुरू झालं. एक विटकरी. एक काळपट. आणि हे दोन अगदी एकसारखे निळसर, कडेला गुलाबी!

"दोड आडि पाच!" ते ओरडले.

"दोड?"

"दोड!" त्यांनी दोन बोटं नाचवली.

मालकांनी पेल्यांखालच्या चिठ्ठ्या उलटल्या. दोन आणि पाच, दोन्ही तिसऱ्या टाकीचे.

"तुमचं नाक चोंदलंय?"

"हो, बालक."

"बालक कुणाला म्हणता?" मालक गरजले. मग नाकवाल्यांनी सगळं कबूल करून टाकलं: सर्दी, डाग, बायको.

"ही फसवणूक आहे!" जावईबापू म्हणाले. "यांना नाकच नव्हतं!"

"तुम्हाला होतं ना? त्यानं काय दिवे लावले?" मालक म्हणाले. "नाकवाले, खुर्ची तुमची. सर्दी जाईपर्यंत एकही बाटली भरायची नाही. आणि ती चादर घरी न्या, तुम्हीच खराब केलीय."

घरी बायकोनं चादर उलगडली, एकदाच नजर फिरवली.

"हा आणि तो एकाच टाकीचे. एवढं ओळखायला सगळा दिवस घालवलात?"

नाकवाल्यांनी नाक पुसलं.