जर्मन बिल्ले आणि चंद्रपूरच्या चिठ्ठ्या

छंदाचे किस्से कसे साचत जातात, कळतच नाही. आमच्याकडे खरे बिल्ले मोजून अकरा, किस्से मात्र पोतंभर! हे बिल्ले दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन नौदलाचे. पाणबुडीवाल्यांचा वेगळा, सुरुंग काढणाऱ्या बोटींचा वेगळा. आता जगभर त्यांच्या नकला विकल्या जातात आणि त्या ओळखणारे आम्ही चौघं राहतो चंद्रपूर-गडचिरोलीकडे. चौघांपैकी समुद्र पाहिलाय एकट्या गुरुजींनी, तोही शाळेच्या सहलीत!

रविवारी सकाळी माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात बैठक भरते. नियम गुरुजींचे, कारण ते भूगोलाचे निवृत्त शिक्षक. बिल्ला टेबलावर ठेवायचा, प्रत्येकाने माझ्या भिंगातून बघायचा, तोंड उघडायचं नाही. चिठ्ठीवर एकच शब्द लिहायचा, खरा किंवा खोटा. चिठ्ठ्या उघडल्या की मग खुशाल भांडायचं.

*

सुमनबाई पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा मला वाटलं, घड्याळ घेऊन आल्या. निवृत्त नर्स, गाव चिमूरजवळ. पर्समधून एक डबी काढली, पण उघडली नाही.

"माह्या बाबानं लढाईतून जर्मन बिल्ला आनला होता. कैदी खलाशाले पानी पाजलं, म्हून त्यानं देल्ला. गाव म्हने, हा कुठी गेलाच नाई, नागपूरच्या बाजारातून नकली आनला! मरेपर्यंत फेकूच म्हनलं त्याले."

"द्या, आत्ता बघतो," मी म्हणालो.

"नाई भाऊ. तुमच्या सांगन्यावर नाई जमत. आधी मले शिकवा. मले सोताले दिसलं पायजे."

डबी पर्समध्ये परत गेली. पुढची पाच वर्षं बाई एकही रविवार चुकल्या नाहीत.

*

एकदा दिवाळीच्या तोंडावर मी एक काळपट बिल्ला मागवला आणि घरी ठेवला. संध्याकाळी येऊन बघतो तर तो देव्हाऱ्यातल्या समईशेजारी लखलखत होता! बायकोने पूजेच्या भांड्यांबरोबर तोही चिंचेने घासला होता. जुन्या बिल्ल्याला फडकं लावणंसुद्धा पाप, आणि इथे चिंच! मी डोक्याला हात लावून बसलो.

बायको शांतपणे म्हणाली, "अहो, ऐंशी वर्साचा मळ एका घासनीत निघते काय? काल-परवाच कोनं लावला असन."

भिंगातून बघितलं. सांदीकोपऱ्यातसुद्धा कण शिल्लक नव्हता, खाली कोरं पितळ! तेव्हापासून संशय आला की गुरुजी विचारतात, "वहिनींकडे पाठवायचा का?"

*

देवाजीभाऊ एटापल्लीकडचे, पितळेच्या मूर्ती ओतणारे. नागपूरच्या एका प्रदर्शनात पांढरे हातमोजे घातलेले एक साहेब पाणबुडीचा बिल्ला दाखवत होते. "हंड्रेड पर्सेंट ओरिजिनल!"

देवाजीभाऊंनी तो तळहातावर घेतला. "साचा खऱ्यावरूनच काढला जी. पन हा मांगून वतला हाये. धातू थंडा झाला का आकसते. माप घ्या."

व्हर्नियर माझ्या खिशात असतोच. आमच्या खऱ्या बिल्ल्याच्या मापापेक्षा हा अर्धा मिलिमीटर लहान भरला. साहेब तापले. "तुम्ही कधी जर्मनीला गेलात का?"

"नाई जी. पन पितळ तं तिकडंबी आकसतच असन न!"

त्या दिवशी जेवताना आम्ही देवाजीभाऊंना आग्रह करकरून वाढलं.

*

एकदा देवाजीभाऊंच्या गावाहून एसटीने परतत होतो. नाक्यावर तपासणी झाली आणि गुरुजींच्या रुमालातून गरुडाचा बिल्ला निघाला. जवानाने तो उलटसुलट केला. "कोन्त्या दलमचा हाये हा?"

दलम म्हणजे नक्षलवाद्यांची तुकडी; आमची पाचावर धारण बसली. गुरुजी मात्र वर्गात शिकवतात तशा आवाजात म्हणाले, "साहेब, या दलमनं ऐंशी वर्षांपूर्वीच सरेंडर केलंय!"

*

एका विक्रेत्याने सर्टिफिकेटसकट बिल्ला पाठवला. म्हणे खलाशाने चार वर्षं रोज छातीवर लावलेला. आम्ही तिघांनी "खरा" लिहिलं. एकट्या सुमनबाईंनी "खोटा".

"सुई पाहा न. हे एकडावबी कपड्यात गेली नाई. अडकवाच्या आकड्यावर घासल्याची रेघ नाई. पस्तीस वर्सं सुया टोचल्या मी!"

"आणि सर्टिफिकेट?" गुरुजींनी विचारलं.

"ते मस्त हाये. फ्रेम करून लावा!"

आम्ही तिघांनी आपापल्या चिठ्ठ्या फाडल्या.

*

आणि मग गेल्या महिन्यातला रविवार. सुमनबाईंनी पर्समधून ती डबी काढली आणि झाकण उघडून टेबलावर ठेवली. आतला बिल्ला राखाडी, सोन्याचा मुलामा पार उडालेला. पाहताक्षणी कुणीही टाकून देईल असा.

मी भिंग लावलं. युद्धाच्या शेवटी जर्मनांकडे चांगला धातू उरला नाही, तेव्हा जस्ताचे बिल्ले निघाले आणि त्यांचा मुलामा असाच उडून गेला. रेषा धारदार. सुईचं टोक घासलेलं, आकड्यावर रेघ. देवाजीभाऊंनी तळहातावर तोलला, दोनदा माप घेतलं. गुरुजींनी चष्मा तीनदा पुसला. बाईंनी शेवटी, सगळ्यांत जास्त वेळ पाहिला.

गुरुजींनी चिठ्ठ्या उघडल्या. माझी, "खरा". देवाजीभाऊंची, "खरा". त्यांची स्वतःची, "खरा". चौथी उघडून ते थांबले आणि आम्हाला दाखवली. तिच्यावर लिहिलं होतं, "माझे बाबा खरं बोलत होते."

गुरुजींनी ती पुन्हा एकदा वाचली, पण नियम म्हणजे नियम. "बाई, एकच शब्द लिहायचा असतो. ही चिठ्ठी बाद."

सुमनबाईंनी पदराने डोळे पुसले आणि डबी उचलली.

"करा बाद. तीन पुरते!"